गॉथमची माणसं कुठे गेली?

ख्रिस्तोफर नोलनच्या बॅटमॅन-त्रयीतला शेवटचा चित्रपट, ‘द डार्क नाइट राइझेस’, २० जुलै २०१२ रोजी आला. त्याच्यावरचा वाद अजून मिटलेला नाही आणि इतक्या वर्षांत तो पुढेही सरकलेला नाही. एका गटाकडे भोकांची यादी तयार असते: मोडलेला मणका बुक्की मारून कसा बसला, खिशात दमडी नसताना बॅटमॅन, म्हणजे ब्रूस वेन, वेढ्यातल्या शहरात परत कसा पोचला, दिवसाउजेडी शेअर बाजारावर सुरू झालेला दरोडा बोगद्यातून बाहेर पडेपर्यंत रात्र कशी झाली. दुसरा गट म्हणतो, वटवाघळाचा वेश करून गुंडांना लोळवणारा माणूस तुम्हाला पटतो, मग मणक्यावर कसलं अडता? पहिल्या गटाच्या लेखी चूक सापडली की चित्रपट पडला. दुसऱ्याच्या लेखी सुपरहिरोपट म्हटला की सगळं माफ. दोघंही साप साप म्हणून भुई धोपटताहेत. या सीक्वेलमध्ये फार मोठ्या ताकदीच्या गोष्टी आहेत आणि एक फार मोठी उणीव आहे, पण ती उणीव या यादीत कुठेच नाही. बेन नावाचा मुखवट्यातला खलनायक अणुभट्टीचा बाँब करून गॉथम हे अख्खं शहर पाच महिने ओलीस धरतो, तेही ‘हे शहर आता तुमचं’ असं तिथल्या लोकांना सांगून. आणि ते लोकच चित्रपटात दिसत नाहीत. खरं दुखणं हे आहे.

आधी भोकांचा हिशोब चुकता करू, कारण त्यांतली काही खरी आहेत. सगळ्यांत गंभीर आक्षेप शेअर बाजाराचा. बेनची माणसं बाजारात घुसतात, सेलिना काइल या चोरणीने तिजोरीवरून उचललेले ब्रूसच्या बोटांचे ठसे वापरून त्याच्या नावावर पुट ऑप्शनचे, म्हणजे ठरल्या भावाने विकण्याच्या हक्काचे, मोठे सौदे टाकतात, मध्यरात्री त्यांची मुदत संपते आणि ब्रूस कफल्लक होतो. ऑप्शनच्या व्यवहारात ज्याने एकदा तरी हात घातला आहे, त्याला इथे दोन ठिकाणी खटकतं. एक तर पुट विकत घेणाऱ्याचं नुकसान त्या हक्कासाठी भरलेल्या किमतीपुरतंच, म्हणजे प्रीमियमपुरतंच असतं. भाव कुठेही गेला तरी त्यापलीकडे त्याच्या खिशातून काही जात नाही. म्हणजे सगळी मालमत्ता बुडायची तर ती सगळी प्रीमियममध्ये ओतलेली हवी. नाहीतर पुट विकलेले हवेत आणि बाजार त्याच दिवशी गडगडायला हवा. चित्रपट यातलं काहीच सांगत नाही. दुसरं, बंदुकीच्या धाकाखाली झालेले सौदे कुठला बाजार उभे राहू देईल? ६ मे २०१० रोजी अमेरिकी बाजार काही मिनिटांत कोसळून सावरला, तेव्हा कुणी कुणावर बंदूक रोखलेली नव्हती. तरीही ज्या सौद्यांचे भाव पडझडीआधीच्या भावापासून ६० टक्क्यांहून अधिक भरकटले होते, ते बाजारांनी रद्द केले. याला चित्रपटाकडे एक उत्तर आहे. ब्रूसच्या कंपनीतला त्याचा विश्वासू लुशियस फॉक्स त्याला सांगतो की पुढेमागे फसवणूक सिद्ध करता येईल, पण आज तुझ्याकडे काही उरलेलं नाही. कथेला ब्रूस कायमचा गरीब नकोच आहे. तो काही दिवस कंपनीबाहेर हवा, म्हणजे कारभार कंपनीतल्या मिरांडा टेटकडे जाईल आणि कारभारासोबत फ्यूजन अणुभट्टीही. तेवढ्या दिवसांची सोय त्या एका वाक्यात होते. बचाव लंगडा आहे, पण उभा राहतो.

मणक्याचं तसंच. जागेवरून सरकलेला मणका बुक्कीने आत ढकलायचा आणि माणसाला दोरीने टांगून ठेवायचं, हा इलाज कुठलाही हाडांचा डॉक्टर मान्य करणार नाही. पण बेनने बॅटमॅनची पाठ मोडण्याची गोष्ट ज्या १९९३ च्या कॉमिक्समधून आली, तिथे ब्रूस बरा झाला तो एका डॉक्टरच्या अतींद्रिय शक्तीने. चित्रपटाने दोरी आणि वेदना आणली, हे त्या मानाने जमिनीवरचंच म्हणायचं. गॉथमला परतण्याचा प्रश्न तर प्रश्नच नाही. याच माणसाने २००५ च्या पहिल्या चित्रपटात नाव आणि पैसा टाकून देऊन गुन्हेगारांमध्ये वर्षं काढली होती, जगाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला विनापैशाचं कसं जायचं ते तिथेच शिकला होता. गोठलेल्या पाण्यावरून एकट्या माणसाने रात्री शहरात शिरणं त्याला अवघड जाईल, असं मानायला कारण काय?

इथे एक कसोटी लावली तर वाद बराच सुटसुटीत होतो. संगीत नाटकात मरणाच्या दारात असलेलं पात्र पद म्हणतं आणि प्रेक्षक वन्स मोअर देतात. त्या क्षणी फुप्फुसात किती हवा उरली असेल याचा हिशोब कुणी मांडत नाही, कारण पदातलं दुःख खरं असतं. पण त्याच नाटकात पोटची मुलगी गेल्यावर बाप चहाचा कप उचलून पुढच्या कामाला लागला, तर तेच प्रेक्षक खुर्चीत चुळबुळ करतील. निसर्गाचा नियम मोडलेला चालतो, माणसाच्या मनाचा मोडलेला चालत नाही. मणका, परतीचा प्रवास, बोगद्यातली रात्र हे सगळं पहिल्या खात्यात जातं. ‘लॉजिक शोधू नका’ म्हणणारे इथपर्यंत बरोबर आहेत. ते चुकतात ते दुसरं खातंच नाही असं समजण्यात.

चित्रपटाची ताकद कुठे आहे, तेही नीट सांगायला हवं, कारण भोकं मोजणारे ती बघतच नाहीत. गटारातली बेन आणि बॅटमॅनची पहिली झुंज घ्या. हान्स झिमरचं संगीत चित्रपटभर छातीवर आदळत असतं. या झुंजीत ते पूर्ण बंद आहे. ऐकू येतं ते पडणारं पाणी, बुटांचे आवाज आणि मुखवट्याआडचा बेनचा शांत, जवळजवळ मास्तरकीचा स्वर. बॅटमॅन आपली एकेक युक्ती काढतो. छोटे स्फोटक गोळे फेकतो, ते बेन झटकून टाकतो. दिवे घालवतो, तर बेन सांगतो की अंधार तुझ्यासाठी मित्र असेल, मी त्यात जन्मलोय. आठ वर्षं काठी टेकत घरात बसलेला, गुडघ्याला यांत्रिक पट्टा बांधून परत आलेला माणूस कसा लढेल? ब्रूस अगदी तसाच लढतो: सुरुवातीला सगळा जोर लावून, मग धापा टाकत, मग केवळ हट्टाने. बेन डोक्यावरचं कवच ठोसे मारून फोडतो आणि शेवटी पाठ गुडघ्यावर आपटतो. गजांपलीकडे उभी असलेली सेलिना हे बघते; तिनेच त्याला तिथे आणलेलं असतं. तिच्या चेहऱ्यावर बदलणारा भाव कॅमेरा काही क्षणच दाखवतो, पण पुढे ती परत का येते याचं कारण तिथे रोवलं जातं. सुपरहिरोपटात नायक हरतो तेव्हा तो परत जिंकणार हे आपल्याला ठाऊक असतं. इथे काही मिनिटांपुरतं ते ठाऊक असूनही उपयोगी पडत नाही.

तंत्राच्या बाजूनेही हा चित्रपट धाडसी आहे. आयमॅक्सचा कॅमेरा जड असतो, तो चालताना इतका आवाज करतो की समोरचा संवाद अनेकदा पुन्हा ध्वनिमुद्रित करावा लागतो, आणि फिल्मचं एक रीळ साधारण तीन मिनिटांत संपतं. असल्या कॅमेऱ्यावर या चित्रपटातली सुमारे ७२ मिनिटं घेतली आहेत. आधीच्या, २००८ च्या चित्रपटात ती अर्ध्या तासाच्या आत होती. सुरुवातीचा विमानाचा प्रसंग स्कॉटलंडच्या आकाशात खरी माणसं आणि खरा सांगाडा लटकवून चित्रित झाला, आणि ते वजन पडद्यावर जाणवतं. अ‍ॅन हॅथवेची सेलिना हे आणखी एक बलस्थान. बारमध्ये गोळीबार होतो, पोलीस आत घुसतात आणि क्षणापूर्वी थंड डोक्याने माणसं आडवी करणारी ती घाबरलेल्या बाईसारखी किंचाळायला लागते. पोलीस पुढे सरकताच किंचाळी थांबते आणि ती निघून जाते. तिचा सगळा इतिहास, कुणाला काय दाखवलं की आपण सुटतो हे तिला कसं कळलं असेल, त्या एका किंकाळीत येतं. आणि बेन ब्रूसला टाकतो तो विहिरीचा तुरुंग. दोर बांधून चढणारा पडतो, दोर सोडून चढणारा पोचतो, कारण मरणाची भीती त्याच्यासोबत असते. त्या विहिरीतून ब्रूस बाहेर येतो तो भाग मे २०११ मध्ये जोधपूरला, मेहरानगड किल्ल्याच्या परिसरात चित्रित झाला. सुटकेचं ते ऊन राजस्थानचं आहे.

आता मूळ मुद्द्यावर येतो. २००८ च्या चित्रपटातला दोन बोटींचा प्रसंग आठवा. एका बोटीत कैदी, दुसऱ्या बोटीत सामान्य नागरिक. प्रत्येकीकडे दुसरी बोट उडवायचा खटका. मध्यरात्रीपर्यंत कुणीच दाबला नाही तर जोकर दोन्ही उडवणार. नागरिकांच्या बोटीवर चिठ्ठ्या टाकून मतदान होतं. बहुमत कैद्यांना मारायच्या बाजूने पडतं, पण खटका दाबायला हात पुढे येत नाही. एक कोटवाला गृहस्थ उठतो, खटका हातात घेतो आणि परत ठेवून देतो. कैद्यांच्या बोटीवर एक धिप्पाड कैदी अधिकाऱ्याकडून तो मागून घेतो आणि खिडकीतून पाण्यात फेकतो. या दोघांची नावंही आपल्याला कळत नाहीत, तरी त्यांचे चेहरे कुणी विसरलेलं नाही. गॉथम वाचवण्याच्या लायकीचं आहे का, या प्रश्नाचं उत्तर त्या चित्रपटात गॉथमने स्वतः दिलं. बॅटमॅन तेव्हा भलत्याच इमारतीत होता. २००५ च्या चित्रपटात धोका मुख्यतः एका वस्तीला होता आणि त्या वस्तीतला एक पोरगा, ज्याच्या हातात बॅटमॅन स्वतःचं एक यंत्र ठेवून जातो, तिचा चेहरा होता. २०१२ मध्ये धोका अख्ख्या शहराला आहे. मग चेहरे किती? आकडा वाढवत नेणं हा सीक्वेलचा जुना रोग. वस्तीवरून शहर, शहरावरून पृथ्वी, पृथ्वीवरून विश्व. प्रत्येक पायरीवर धोक्यात असलेली माणसं वाढतात आणि ओळखीची माणसं घटतात.

या चित्रपटाला ते टाळण्याचा नमुना समोर होता, हे विशेष. नोलन बंधूंच्या पटकथेवर चार्ल्स डिकन्सच्या १८५९ च्या ‘अ टेल ऑफ टू सिटीज’ची सावली उघड आहे. बेनच्या हस्तकाचं नाव बारसाड, उद्योगपती डॅगेटच्या माणसाचं नाव स्ट्रायव्हर, आणि ब्रूसच्या दफनाच्या वेळी पोलीस आयुक्त गॉर्डन त्याच कादंबरीच्या शेवटच्या ओळी वाचतो. डिकन्स क्रांतीचा भक्त नव्हता. गिलोटिनची त्याला किळस होती आणि ती त्याने पानोपानी लिहिली आहे. पण पॅरिसमध्ये तो आधी काय दाखवतो? सेंट आंत्वानच्या रस्त्यावर दारूचं पिंप फुटतं आणि उपाशी माणसं दगडांच्या फटींतली दारू ओंजळीने, चिंध्या पिळून पितात. त्यांतला एक, गास्पार, चिखलात कालवलेल्या त्या दारूत बोट बुडवून भिंतीवर ‘रक्त’ असं लिहितो. पुढे एका सरदाराची घोडागाडी त्याच गास्पारच्या मुलाला चिरडते आणि सरदार खिडकीतून सोन्याचं नाणं फेकतो. तिथून सरदाराच्या छातीतल्या सुरीपर्यंतचा रस्ता सरळ आहे. क्रांतीला घाबरणारा लेखकसुद्धा आधी भूक दाखवतो, मग अपमान, मग रक्त. चित्रपटाने कादंबरीतली नावं घेतली, बलिदान घेतलं, न्यायालय घेतलं. गास्पार मात्र मागेच राहिला.

पॅरिसच्या बॅस्टिल तुरुंगाशी तुलना केली की हे आणखी ठळक होतं. १४ जुलै १७८९ ला तो किल्ला पडला तेव्हा आत केवळ सात कैदी होते. जमाव मुख्यतः बंदुकीच्या दारूसाठी गेला होता. पुढे ‘बॅस्टिलचे विजेते’ म्हणून ९५४ जणांची अधिकृत यादी झाली. त्यांत सुतार होते, कुलूपवाले होते, चांभार होते. आसपासच्या वस्तीतले कारागीर. गॉथममध्ये ब्लॅकगेट तुरुंग फुटतो तो कसा? बेन तुरुंगासमोर उभा राहतो, शहराने हिरो मानलेल्या दिवंगत सरकारी वकील हार्वी डेंटविषयीचं खोटं उघड करणारं गॉर्डनचं पत्र वाचतो, आणि त्याच्या भाडोत्री माणसांच्या ताब्यातलं चिलखती वाहन दार उडवतं. लोक आलेच नाहीत. त्यांच्या नावाने, त्यांच्याशिवाय, तुरुंग ‘मुक्त’ झाला. मग गॉथमचे सुतार आणि कुलूपवाले त्या दिवशी कुठे होते? घरात दार लावून? टाळ्या वाजवत? रडत? चित्रपटाला ते विचारावंसंही वाटलं नाही.

पाच महिन्यांच्या वेढ्याला इतिहासात जवळचा दाखला आहे, तो पॅरिसचाच. प्रशियाच्या सैन्याने १९ सप्टेंबर १८७० ते २८ जानेवारी १८७१ पॅरिस कोंडलं. लोकांनी घोडे खाल्ले, मग उंदीर. प्राणिसंग्रहालयातले दोन हत्तीसुद्धा मारून विकले गेले. पत्रं बलूनमधून बाहेर जात होती. आणि वेढा उठल्यावर दोन महिन्यांच्या आत याच उपाशी शहराने स्वतःच्या सरकारविरुद्ध उठाव करून कम्युन, म्हणजे शहराचं स्वतःचं लोकसरकार, स्थापन केलं. त्या कम्युनने पहिल्या काही आठवड्यांत काय केलं ते पाहा: वेढ्याच्या काळातलं थकलेलं घरभाडं माफ केलं, बेकरीतली रात्रपाळी बंद केली, वीस फ्रँकपर्यंतच्या गहाण वस्तू लोकांना फुकट परत दिल्या. भाडं, पाव, गहाण पडलेली भांडी आणि अवजारं. चिडलेल्या शहराचा राग अशा वस्तूंमध्ये असतो. गॉथमच्या ‘क्रांती’त आपल्याला दिसतं ते श्रीमंतांना पलंगाखालून ओढून काढणं, गालिचे आणि फर कोट फेकणं, खटले आणि बर्फ. पाणी कोण सोडत होतं, कचरा कोण उचलत होता, सैन्याने उरलेल्या एकमेव पुलावरून पाठवलेलं धान्य कुठल्या रांगेत कुणाला मिळत होतं? हे तपशील अवांतर वाटतील, पण याच रांगांमध्ये ठरतं की बेनला लोक मानतात, सोसतात की उखडून काढायला तयार आहेत. ते ठरत नसेल तर पाच महिने हा केवळ बाँबवरचा आकडा उरतो.

न्यायालयाचा प्रसंग याला थोडा अपवाद आहे, आणि तो मला चित्रपटातल्या सर्वांत अचूक राजकीय प्रसंगांपैकी एक वाटतो. टेबलं आणि कागदांच्या ढिगावर न्यायाधीश म्हणून चढून बसलेला क्रेन, पहिल्या चित्रपटातला एक खलनायक, सांगतो की इथे खटला नाही, फक्त शिक्षा ठरते: मृत्यू किंवा हद्दपारी, आणि हद्दपारी म्हणजे पातळ बर्फावरून चालत जाणं. जून १७९४ च्या फ्रेंच क्रांतिकारी कायद्याने आरोपीचा वकील काढून घेतला आणि निकाल दोनच ठेवले, सुटका किंवा मरण. क्रेनने त्यातली सुटकाही काढली. पण त्या दालनात ओरडणारी गर्दी कोणाची आहे? भाडेकरू आहेत की ब्लॅकगेटमधून सुटलेले? डेंटच्या नावाने केलेल्या कायद्याखाली सुमारे हजार माणसं पॅरोलशिवाय आत टाकलेली होती, आणि तो कायदा एका खोटेपणावर उभा होता, हे चित्रपट स्वतः सांगतो. घाबरलेल्या काळातले कायदे भीती ओसरली तरी मुक्काम हलवत नाहीत; आपल्याकडे दोन वर्षांसाठी म्हणून १९८५ साली आलेला टाडा हा दहशतवादविरोधी कायदा १९९५ पर्यंत टिकला. त्या हजारांत एक तरी माणूस असा असेल की ज्याची सुटका व्हायलाच हवी होती. तो माणूस बेनच्या सैन्यात जाईल की घरी आईला भेटायला? त्याची गोष्ट सांगितली असती तर बेनच्या भाषणाला उत्तर देणं प्रेक्षकालाही जड गेलं असतं. शेवटी बॅटमॅनचा पुतळा उभा राहतो. त्या कायद्याचं पुढे काय झालं हे कुणीच बोलत नाही.

तालियाचा उलगडा या सगळ्यावर शेवटचा घाव घालतो. मिरांडा टेट हीच तालिया निघते, विहिरीतून चढून आलेलं मूल बेन नसून ती असते, आणि सगळं कारस्थान बापाचं, म्हणजे २००५ च्या चित्रपटातल्या खलनायकाचं, गॉथम नष्ट करण्याचं अपुरं काम पुरं करण्यासाठी असतं. धक्का म्हणून प्रसंग चांगला बेतला आहे. सुरी बरगड्यांत फिरते तेव्हा ब्रूसचा चेहरा खरंच रिता होतो. पण त्याची किंमत बघा. दोन तासांहून अधिक वेळ ज्याची दहशत उभी केली, तो बेन एका मिनिटात रखवालदार होतो आणि पुढच्या काही क्षणांत सेलिनाच्या तोफेने उडतो. आणि बाँब लोकांनी काहीही केलं तरी फुटणारच होता, म्हणजे ‘शहर तुमचं’ हे वाक्य सुरुवातीपासून पोकळ होतं. विषमतेचा प्रश्न चित्रपटाने स्वतःहून काढला. सेलिना नृत्याच्या वेळी ब्रूसला येणाऱ्या वादळाविषयी बजावते तेव्हा तो प्रश्न खराखुरा वाटतो. शेवटी तो खलनायकाची एक थाप ठरून निकालात निघतो.

माझ्या म्हणण्यावरचे आक्षेपही दुबळे नाहीत. पहिला: चित्रपट बॅटमॅनचा आहे, १६४ मिनिटं आधीच झाली आहेत, जनता कुठे कोंबायची? दुसरा अधिक वजनदार आहे: ताब्यात घेतलेल्या शहरात लोक खरंच घरात बसतात, न दिसणं हेच वास्तव आहे. चित्रपटात पोलीस उपायुक्त फोली बायकोला दारात पुढे करून घरात लपतो, आणि तो प्रसंग खरा वाटतो. तिसरा: बेन क्रांतिकारक नाहीच, तो खोटारडा आहे, मग त्याची क्रांती खोटी दिसणारच. तिसऱ्यापासून सुरुवात करतो. खोटारड्यालाही ऐकणारे लागतात, आणि बेनच्या बाबतीत तर पत्रातला मजकूर खरा होता. खऱ्या मजकुरावर खोटा माणूस उभा राहतो तेव्हा ऐकणाऱ्याच्या मनात काय होतं, हा नाट्याचा खजिना होता. दुसऱ्याबद्दल: लपणं वास्तव आहे हे मान्य, पण मग लपलेली माणसं दाखवा. चित्रपटाने लपलेला दाखवला तो एक पोलीस अधिकारी, आणि शेवटी लढायला निघतात तेही पोलीसच. आणि जागेचं म्हणाल, तर बोटींच्या प्रसंगातल्या त्या दोन माणसांना मिळून किती वेळ लागला होता?

ते पोलीस रस्त्यावर निघतात तो प्रसंग नीट पाहावा. पाच महिने भुयारात अडकलेले सुमारे तीन हजार पोलीस बाहेर येतात आणि निळ्या गणवेशाची सरळ रांग करून स्वयंचलित बंदुका आणि तोफांच्या वाहनांवर चालून जातात. उघड्यावरच्या रांगेचं मशीनगनपुढे काय होतं हे जगाने पहिल्या महायुद्धात १ जुलै १९१६ ला सोमच्या मैदानात पाहिलं. एकट्या ब्रिटिश सैन्याचे १९,२४० जवान त्या एका दिवसात मेले. चित्रपटात पहिल्या फैरीनंतर बंदुका गप्प होतात आणि मुष्टियुद्ध सुरू होतं. भोकं मोजणारे यावर हसतात. मला मात्र तिथे वेगळीच गोष्ट डाचते. दोन्ही बाजूंच्या खिडक्यांत कुणी नाही. एक वीट वरून पडत नाही, एक दार उघडून जखमीला आत ओढलं जात नाही, एकही म्हातारी ‘इकडून या’ म्हणून गल्ली दाखवत नाही. शहर परत मिळवण्याची लढाई चालली आहे आणि शहर हजर नाही. इथे माणसाच्या मनाचा नियम मोडला जातो. माफ न करता येणारं भोक हे आहे.

राजकीय वादही याच कारणाने भरकटला. काहींनी चित्रपट वॉल स्ट्रीटवरच्या आंदोलनाची बदनामी ठरवला, तर रेडिओवरच्या रश लिंबॉसारख्या उजव्यांनी बेनच्या नावात त्या वर्षीचे अध्यक्षपदाचे उमेदवार मिट रॉम्नी यांच्या बेन कॅपिटल या गुंतवणूक कंपनीवरचा वार शोधला. तारखा पाहिल्या तरी दोन्ही दावे गळतात. बेन हे पात्र १९९३ चं. आणि आंदोलकांनी न्यूयॉर्कच्या झुकोटी पार्कमध्ये तंबू ठोकले १७ सप्टेंबर २०११ ला, तेव्हा चित्रीकरण सुरू होऊन चार महिने झाले होते. नोलनने राजकीय हेतू नाकारला आणि तो खरं बोलत असावा. चित्रपट आंदोलकांच्या विरोधात आहे असं म्हणायला त्यात आंदोलक तरी हवेत.

हे करता आलं नसतं असं नाही, याचा पुरावा चित्रपटातच आहे. स्टेडियममध्ये सामन्याआधी एक लहान मुलगा राष्ट्रगीत म्हणतो. त्याचा कोवळा आवाज वर येतो, खाली बोगद्यात बेन थांबून ऐकतो, आवाज गोड आहे म्हणतो, आणि मग मैदान खचतं. एका पोराच्या गळ्याने अख्खं स्टेडियम आपलं वाटायला लागतं. तसलाच अर्धा मिनिट वेढ्याला चार-पाच वेळा मिळायला हवा होता. वेळ कुठून काढायचा? डॅगेटची आणि त्याच्या माणसांची रस्सीखेच निम्मी केली असती तरी चाललं असतं. नोंदी पुसणाऱ्या ‘क्लीन स्लेट’ प्रोग्रॅमचा उल्लेख दोन वेळा कमी केला असता तर सेलिनाचं काही बिघडलं नसतं. आणि नवं पात्र आणायचीही गरज नव्हती. सेलिनाची जोडीदारीण जेन आहेच. लुटलेल्या एका घरात सेलिना मोडलेल्या चौकटीतला कुटुंबाचा फोटो उचलते आणि हे कुणाचं तरी घर होतं म्हणते. जेन सहज सांगते, आता सगळ्यांचं आहे. त्या पोरीला ते शब्द मनापासून पटलेले असतात. तिने कधी कुठे भाडं भरलं, तिला कुणी कुठून हाकललं, पाचव्या महिन्यात त्या घरात चूल कशावर पेटत होती आणि रांगेत उभं राहून आलेली जेन तेव्हाही ‘सगळ्यांचं’ म्हणत होती का, हे चित्रपट सांगत नाही.